त्या बाई कुठे आहेत?

आदरणीय ताई,

मी सांगलीतल्या एका लॉ कॉलेजात तीन वर्षांच्या एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या कॉलेजचं चार पानी मासिक वार्तापत्र निघतं, त्याची मी विद्यार्थी संपादक. आधीचे अंक चाळले तर पानोपानी शाल-श्रीफळाचे फोटो. मी ठरवलं, आपण खऱ्या बातम्या द्यायच्या. गेल्या महिन्यात पहिल्या पानावर बातमी केली, ‘विधी सहाय्य केंद्राला तीन बुधवार कुलूप’. केंद्र दर बुधवारी अकरा ते एक उघडं असतं अशी पाटी कॉलेजच्या दारात आहे. तीन बुधवार मी स्वतः जाऊन पाहिलं, कुलूपच. तिसऱ्या बुधवारी मिरज तालुक्यातल्या एका गावाहून (पत्रात गावाचं नाव होतं, ते इथे काढलं आहे) एक बाई पोटगीची चौकशी करायला आल्या होत्या, कडेवर लहान मूल. अर्धा तास थांबून निघून गेल्या. हे सगळं गावासकट छापलं. त्यात एकही शब्द खोटा नाही.

केंद्र ज्या सरांकडे आहे, ते तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, यापुढे फक्त सकारात्मक बातम्या द्यायच्या. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन तट पडलेत. तास संपल्यावर टपरीवर चहाला गेले की गप्पा थांबतात. त्यातच शिपाईकाकांकडून कळलं, सर तासिका तत्त्वावर आहेत आणि त्या तिन्ही बुधवारी त्यांना नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायलींना बसवलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढच्या सत्रात मूट कोर्ट (सरावाचा लुटुपुटूचा खटला) आणि जर्नलचा प्रॅक्टिकल पेपर त्याच सरांकडे आहे, ती धास्ती वेगळीच.

मी माफी मागू का? संपादकपद सोडू का? माझं नक्की चुकलं तरी काय?

— एक विद्यार्थी संपादक, सांगली

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन वाचलं, त्या बाईंचा उल्लेख कुठे कुठे येतो ते बघायला. दोनच वाक्यांत येतो. मूल कडेवर घेऊन आल्या, अर्धा तास थांबून गेल्या. पुढे पत्रात सर आहेत, प्राचार्य आहेत, ग्रुप आहे, टपरी आहे, तुझी उडालेली झोप आहे. त्या बाई कुठेच नाहीत. तुझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते, पण आधी मला सांग, त्या बाई आत्ता कुठे आहेत?

हे तुला टोचावं म्हणून विचारत नाही. प्राचार्यांनीही विचारलं नाही, सरांनी विचारल्याचं दिसत नाही, ग्रुपवर दोन्ही बाजूंनी एवढं लिहिणाऱ्यांपैकीही कुणाच्या मनात आलं नाही. सगळं कॉलेज महिनाभर एका बातमीवरून भांडतंय आणि जिच्यामुळे ती बातमी झाली ती बाई आपल्या गावी तशीच बसून आहे, पोटगीचा अर्ज न करता. मिरज तालुक्यातून सांगलीला यायचं म्हणजे बसभाडं आलं, रोजगार बुडाला, घरी काहीतरी कारण सांगावं लागलं. एकदा दार बंद मिळालेलं माणूस दुसऱ्यांदा यायला फार वेळ घेतं. पुष्कळदा येतच नाही.

मी हे कुणाचं ऐकून सांगत नाही. साताऱ्यात ज्युनिअर वकील होते तेव्हाची गोष्ट. मेढ्याच्या बाजूचे एक आजोबा जमिनीच्या दाव्याचा निकाल धोतराच्या सोग्यात बांधून ऑफिसात आले. आमचे सिनिअर कोर्टात होते. मी टायपिंगमध्ये गुंतले होते. मान वर न करता म्हटलं, ‘चारला या, साहेब येतील.’ आजोबा ‘बरं’ म्हणून गेले. त्यांची एसटी तीनची होती, ते तिने निघून गेले. आठवड्याने पुन्हा आले तेव्हा मी निकालाची तारीख पाहिली. जिल्हा न्यायालयात अपील करायला तीस दिवसांची मुदत असते, आणि ते पहिल्यांदा आले होते तो त्यांचा शेवटचा दिवस होता. कागद उलगडून बघायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. पुढे विलंबमाफीचा अर्ज केला, तो मंजूरही झाला, पण त्याला सात महिने गेले, आणि तेवढ्यात समोरच्यांनी बांध कोरून घेतला. आजोबा मला कधी बोलले नाहीत. ऑफिसात आले की आधी माझ्याकडे बघून हात जोडायचे, त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा.

त्या बुधवारी तू दारात होतीस. केंद्र बंद होतं, पण तू तर होतीस. दुसऱ्या वर्षाच्या मुलीला एवढं तरी माहीत असतं की बायकांना मोफत वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चं कलम १२ काढ. स्त्री किंवा बालक असलं की उत्पन्नाचा दाखलासुद्धा लागत नाही. विजयनगरला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे साध्या कागदावर अर्ज दिला तरी घेतात. १५१०० हा हेल्पलाइनचा नंबर आहे. तू तिच्याशेजारी पायरीवर बसून एवढं कागदावर लिहून दिलं असतंस, तर केंद्र बंद असूनही त्या दिवशी तिचं काम झालं असतं. तू वहीत वेळ टिपत होतीस. बातमीदाराने टिपावंच, त्यात गैर काही नाही. पण तू आधी वकिलीची विद्यार्थिनी आहेस, बातमीदार नंतर.

तेव्हा पहिलं काम हे, त्यांचा ठाव लाव. शिपाईकाकांना विचार, कुणाशी काही बोलल्या का, नाव सांगितलं का. प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक गावोगाव असतात, त्यांच्यातल्या एखाद्या बाईंकडून निरोप जाऊ शकतो. स्वतः जायचं झालं तर एका मैत्रिणीला घेऊन साध्या बसने जा. कॉलेजचा बॅनर नको, घोळका नको, फोटो तर मुळीच नको. दारात ‘कोर्ट’, ‘पोटगी’ हे शब्द काढू नकोस. ती सासरी आहे की माहेरी, घरात कुणाला काय माहीत आहे, यातलं आपल्याला काही ठाऊक नाही. भेट झाली तर सांग की पोटगीचं कलम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ आहे, जुनं १२५. नवऱ्याच्या गावी जाऊन अर्ज करावा लागत नाही, ती जिथे राहते तिथल्या न्यायालयात करता येतो. खटला चालू असताना अंतरिम पोटगी मागता येते आणि त्या अर्जाचा निकाल नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत लागावा असं कायद्यातच लिहिलंय. मूल लहान आहे, तेव्हा ही शेवटची गोष्ट आवर्जून सांग.

आता तुझं काय चुकलं ते. तुला वाटतंय त्यापेक्षा एक गोष्ट जास्त चुकली आहे आणि तिचा तुला पत्ताच नाही. तू तिच्या गावाचं नाव छापलंस.

विचार कर. चार हजार वस्तीचं गाव. तिथून तुमच्या कॉलेजात दोन-तीन पोरं तरी येत असतील. अंक घरी जातो, पारावर वाचला जातो. ‘त्या बुधवारी, कडेवर मूल, पोटगीची चौकशी.’ नाव नसलं तरी गावाला बाई ओळखायला वेळ लागत नाही. आपण वकिलाकडे गेलो होतो हे नवऱ्याला कधी आणि कसं कळावं, हे ठरवायचा हक्क त्या बाईंचा. तो तू न विचारता घेतलास. ‘एकही शब्द खोटा नाही’ असं तू लिहितेस, आणि माझा तुझ्यावर विश्वास आहे. पण खरं आहे म्हणून सगळं छापायचं नसतं. बदनामीचं कलम बघ, भारतीय न्याय संहितेतलं ३५६. त्यातला पहिला अपवाद नुसता ‘खरं असेल तर’ एवढ्यावर थांबत नाही, ‘आणि ते लोकहितासाठी असेल तर’ असंही म्हणतो. केंद्र बंद होतं हे सांगण्यात लोकहित होतं. ती बाई कुठल्या गावची, हे सांगण्यात कुणाचंही हित नव्हतं. उरलेले अंक परत घेता येतील तेवढे घे. पीडीएफ कुठे टाकली असेल तर गावाचं नाव काढून पुन्हा टाक. आजच.

सरांच्या बाबतीत तुझं चुकलं ते दुसरं, आणि ते तुझं तुलाच समजलं आहे. तू त्यांना विचारलं नाहीस. पहिल्या वर्षी नैसर्गिक न्यायाची तत्त्वं शिकवतात, त्यातलं ‘दुसरी बाजू ऐका’ हे सगळ्यांना पाठ असतं, परीक्षेत हमखास येतं. तीन बुधवार तू कुलपाला विचारलंस. स्टाफरूम पंधरा पावलांवर असेल, तिथे गेली नाहीस. गेली असतीस तर तुला जास्त मोठी बातमी मिळाली असती: तासिका तत्त्वावरच्या माणसाला घेतलेल्या तासांचे पैसे मिळतात, आणि असा माणूस लोकांसाठीच्या वेळेतून उठवून फायलींना बसवला जातो. तू एका माणसाकडे बोट दाखवलंस. विचारलं असतंस तर बोट व्यवस्थेकडे गेलं असतं, आणि तो माणूस आज तुझ्या बाजूने उभा असता.

म्हणून माफी माग, पण कशाबद्दल ते नीट ठरवून. बातमी दिल्याबद्दल मागू नकोस. सरांकडे एकटी जा, तास संपल्यावर, इतर कुणी नसताना. म्हण, ‘सर, बातमी छापण्याआधी मी तुम्हाला विचारायला हवं होतं. विचारलं नाही, ते माझं चुकलं.’ एवढं बोलून गप्प बस. त्यापुढे ‘पण’ लावू नकोस. ते रागावले तर ऐकून घे, काहीच बोलले नाहीत तरी नमस्कार करून ये. दोन दिवसांनी पुन्हा जाऊन विचार, पुढच्या अंकात त्यांना काही लिहायचं आहे का. त्यांनी लिहिलं तर एक शब्द न कापता पहिल्याच पानावर छाप, बातमी होती त्याच जागी आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरात. कोपऱ्यात बारीक टाइपात खुलासा छापणारी वर्तमानपत्रं मी आयुष्यभर पाहिली. तू तसं करू नकोस.

आता मी सगळ्यात जास्त ज्याबद्दल बोलायचं ठरवून बसले आहे तिकडे येते. बार कौन्सिलचे कायदेशिक्षणाचे २००८ चे नियम तुमच्या ग्रंथालयात असतील. नसले तर ग्रंथपालांना मागवायला सांग. त्यात प्रत्येक लॉ कॉलेजने विधी सहाय्य केंद्र चालवायचं म्हटलंय. चालवायचं कुणी? अनुभवी प्राध्यापकाच्या देखरेखीखाली शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी. नियम असा आहे. म्हणजे ते कुलूप सरांचं एकट्याचं नव्हतंच. तुमच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात चाळीस जण असतील, पन्नास असतील. तिन्ही बुधवारी त्यातले किती जण त्या दारावरून टपरीकडे गेले? आणि पुढच्या वर्षी तो वर्ग तुमचा असणार आहे.

याला जोडून जर्नलचं. प्रॅक्टिकल पेपरची तुला धास्ती आहे ना, त्याचे गुण कसे वाटलेत ते बघ. तीन मूट कोर्टांचे तीस, एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला कोर्टात बसून पाहण्याचे तीस, पक्षकाराशी वकील कसा बोलतो ते दोन वेळा समोर बसून पाहायचं आणि खटल्याच्या पूर्वतयारीसह वहीत नोंदवायचं त्याचे तीस, तोंडीचे दहा. पक्षकाराची मुलाखत पाहायची जागासुद्धा नियमात आहे, वकिलाचं ऑफिस किंवा विधी सहाय्य केंद्र. माझ्या ऑफिसात दर वर्षी जर्नलं घेऊन मुलं सहीला येतात. सातारा असो, सांगली असो, जर्नल तेच. तोच रमेश, तोच सुरेश, तोच वाटणीचा दावा, त्याच शुद्धलेखनाच्या चुका. सिनिअरकडून ज्युनिअरकडे उतरत उतरत आलेली मुलाखत. मी सही करत नाही, परत पाठवते, आणि मुलं नाराज होऊन दुसऱ्या वकिलाकडे जातात. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. आपल्याच दारात खरी बाई खरा प्रश्न घेऊन अर्धा तास उभी राहते, तिला कुणी खुर्ची देत नाही, आणि त्याच इमारतीत वर बसून आपण कधी न झालेली मुलाखत सुबक अक्षरात उतरवतो. तुझी पुढची बातमी ही आहे. फक्त या वेळी ती आरोप म्हणून लिहू नकोस. त्या मुलाखती खऱ्या कर.

कसं? तिसऱ्या वर्षातल्या चौघांना गाठ. सगळा वर्ग नको, सगळ्यांना विचारलं की कुणीच येत नाही. चौघांचे चार बुधवार लाव, प्रत्येकाबरोबर दुसऱ्या वर्षाचा एक. सरांनी दर बुधवारी बसायची गरज नाही, अडलं तर त्यांना विचारायचं आणि महिन्यातून एकदा त्यांनी रजिस्टर बघायचं. प्राधिकरणाच्या सचिवांना कॉलेजमार्फत पत्र द्या, ते जिल्हा न्यायालयातले न्यायिक अधिकारी असतात आणि अशा पत्राची वाटच बघत असतात असा माझा अनुभव आहे. वकिलीची सनद मिळेपर्यंत तुम्हाला कोर्टात उभं राहता येणार नाही, वकील म्हणून सल्लाही देऊ नका. पण ऐकता येतं, कागद लावता येतात, तारखा बघता येतात, अर्ज लिहून देता येतो, प्राधिकरणाच्या दारापर्यंत सोबत जाता येतं. बहुतेक माणसांचं काम तिथेच अडलेलं असतं.

आणि तुमच्या जिल्ह्यात हे काम किती आहे! कलम १२ मध्येच आहे, पूर आणि दुष्काळ यांनी नाडलेल्या माणसालाही मोफत कायदेशीर मदत मिळते. एकाच जिल्ह्यात वाळवा, पलूस, मिरजेत कृष्णा-वारणेचं पाणी घरात शिरतं आणि जत, आटपाडीला टँकर लागतो. २०१९ च्या पुरानंतर सांगलीत पंचनामे, विमा, वाहून गेलेले कागद यांचे किती प्रश्न निघाले ते तिथल्या जुन्या वकिलांना विचार. याच मातीत प्रतिसरकारच्या काळात गावोगाव न्यायदान मंडळं बसली, तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा, तासगावसारखे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. ज्यांच्या आजोबांनी पारावर बसून तंटे मिटवले त्यांच्या नातवंडांना बुधवारचे दोन तास एक खोली उघडी ठेवणं जड जाऊ नये.

प्राचार्यांचं म्हणणं मला पटत नाही, हे स्पष्ट लिहिते. बंद दाराची बातमी दडपून दार उघडत नाही. पण त्यांच्याशी वाद घालून तू जिंकणार नाहीस, आणि त्याची गरजही नाही. पहिल्या पानावर एक छोटी चौकट कायमची मागून घे: या महिन्यात केंद्र किती बुधवार उघडलं, किती माणसं आली, किती अर्ज प्राधिकरणाकडे गेले. तीन आकडे, नाव कुणाचंच नाही. चार बुधवार उघडलं तर चार छाप, एकच उघडलं तर एक छाप. यातलं सकारात्मक काय आणि नकारात्मक काय ते मग दारावर ठरेल.

बाकीची पानं सत्कारांनी भरतात कारण दुसरं कुणी काही देत नाही. तुझ्या वाचकांना आत्ता काय हवं आहे ते बघ. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं काम सुरू झालं, सांगली-साताऱ्यासह सहा जिल्ह्यांसाठी. चार दशकांहून जास्त काळ वकिलांनी त्यासाठी मोर्चे काढले, कामकाजापासून दूर राहिले. उद्घाटनाचे फोटो सगळ्यांनी छापले. पण सांगलीहून पन्नासेक किलोमीटरवर आता उच्च न्यायालयातला युक्तिवाद बसून ऐकता येतो, तर तुमच्या वर्गातलं कोण जाऊन आलं? त्याने काय पाहिलं? ते लिहून घे. सनद घेताना किती पैसे भरायचे हे अजून मुलांना माहीत नसतं. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये सांगितलं, सर्वसाधारण प्रवर्गाला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५, त्याहून जास्त नोंदणीशुल्क घ्यायचं नाही. मे २०२५ मध्ये ठरलं की दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व्हायला आधी तीन वर्षं वकिली हवी. पदवी घेऊन थेट परीक्षेला बसायच्या बेताने आलेल्या किती मुलींच्या घरी त्यावरून बोलणी झाली असतील. एकीला बोलतं कर.

टपरीचं शेवटी ठेवलं, कारण तेच तुला जास्त लागलं आहे असं मला वाटतं. गप्पा थांबल्या की जीव खट्टू होतो, खरं आहे. पण तुमचा वर्ग आठव. सकाळच्या कॉलेजात रात्रपाळी करून आलेला हवालदार असतो, बँकेतून निवृत्त झालेले काका असतात, दोन मुलांचे डबे भरून आलेली वहिनी असते, विट्याहून, तासगावहून पहाटेची एसटी पकडलेली पोरं असतात. तास सुटला की जो तो आपल्या कामाला पळतो. एकमेकांचं नावही माहीत नसताना ग्रुपवर तट पडायला वेळ लागत नाही. त्यांच्याशी ग्रुपवर बोलू नकोस, समोर बस. त्या हवालदाराला सांग, दादा, झिरो एफआयआर खरोखर कशी नोंदवतात ते आपल्या अंकासाठी लिहा ना. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली, कुठल्याही ठाण्यात तक्रार घ्यायची, ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत सही करायची, हे आपण पुस्तकात वाचतो. ते हवालदार रोज करतात. बँकेतल्या काकांना चेक न वटल्याच्या नोटिशीवर लिहायला सांग. ज्याचं लिखाण अंकात येतं तो अंकाला परका मानत नाही. आणि तुझ्या बातमीवर जो सगळ्यात जास्त चिडला आहे ना, त्याला एक बुधवार दे.

गुणांबद्दल थोडक्यात. तुझं जर्नल वेळेवर, तारखांसह आणि सगळ्या सह्यांसह पूर्ण ठेव, त्याची झेरॉक्स काढून ठेव. सर सूड उगवतील असं मला तुझ्या पत्रातून वाटत नाही, दुखावलेला माणूस अबोला धरतो तेवढं त्यांनी केलं आहे. तरी पुढे खरंच अन्याय झालाच तर विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते, २०२३ च्या यूजीसी नियमांनुसार ती प्रत्येक कॉलेजात हवी. तिथे लेखी जा. आत्तापासून त्या विचाराने झोप घालवू नकोस.

संपादकपद सोडू नकोस. तू गेलीस तर पुढचा अंक पुन्हा शाल-श्रीफळाचा निघेल, आणि गावाचं नाव का छापायचं नसतं हे आज फक्त तुलाच कळलं आहे.

येत्या बुधवारी अकराच्या आत पोच. किल्ली मंगळवारीच शिपाईकाकांकडे मागून ठेव. एक रजिस्टर, दोन पेनं, प्राधिकरणाचे कोरे अर्ज आणि पिण्याचं पाणी एवढं टेबलावर असू दे, लांबून आलेल्या माणसाला आधी पाणी लागतं. बाहेर उन्हात कुणी मूल घेऊन थांबलं असेल तर आत पंख्याखाली बसव. त्या बाईंपर्यंत निरोप पोचला की मला पत्र टाक. नाव नको, गाव नको. अर्ज दाखल झाला, एवढंच कळव.